कान देऊन – एकाच बँडचे दोन आवाज

मंडळी, गेल्या वर्षीच्या अंकात या सदरात ७८ आरपीएमच्या तबकड्यांबद्दल लिहिलं होतं. तो अंक वाचून (म्हणजे आजीकडून वाचून घेऊन) आपल्या मंडळातल्या एका हायस्कूलच्या मुलीनं मला गाठलं. ती शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या बँडमध्ये बास वाजवते. तिचा प्रश्न अगदी सरळ होता. "काका, रेकॉर्डवर ‘प्रोड्युस्ड बाय’ असं लिहिलेलं असतं, तो माणूस एक्झॅक्टली करतो काय?" मी तोंड उघडायच्या आत तिच्या बाबांनी उत्तर देऊन टाकलं, "पैसे घालतो!"

बाबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपण सगळे हिंदी-मराठी सिनेमाच्या श्रेयनामावल्या वाचत मोठे झालो. तिथे प्रोड्युसर म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे पैशाची थैली. पण रेकॉर्डच्या धंद्यात थैली असते कंपनीकडे. प्रोड्युसर हा स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसलेला माणूस. सिनेमाशीच तुलना करायची तर तो निर्मात्यापेक्षा दिग्दर्शकाला जवळचा. कोणती गाणी घ्यायची, कडवं कुठे कापायचं, कितव्यांदा वाजवलेलं ठेवायचं, माइक ड्रमपासून किती लांब टांगायचा, गायकाला आज दमात घ्यायचं की चहा पाजून घरी पाठवायचं, हे सगळं त्याच्या पदरात.

आपल्याकडे या कामाच्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे संगीत संयोजक. संगीतकार चाल बांधतो, संयोजक ठरवतो की इथे व्हायोलिनं येतील, इथे बासरी एकटी राहील. मुंबईच्या सिनेसंगीतात हे काम गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांनी केलं, अँथनी गोन्साल्विस यांनी केलं, आणि मराठीत अनिल मोहिले यांचं नाव तर तुम्हाला ठाऊक असेलच. गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोहोचलं ते मात्र त्यांच्या कामामुळे नव्हे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका गाण्यात ते नाव गुंफलं, म्हणून पोहोचलं. तबकडीवर संयोजकाचं नाव छापायची पद्धत फारशी नव्हती. तो वेगळा आणि जरा कडवट विषय आहे, पुन्हा कधीतरी.

पण संयोजक आणि रॉकचा प्रोड्युसर यांत एक मोठा फरक आहे. संयोजक स्वरलिपी लिहितो आणि वादक ती वाजवतात. रॉक बँड गाणं बसवून, घोटून, कधीकधी पन्नास ठिकाणी वाजवून मगच स्टुडिओत येतो. तीन-चार माणसं, त्यांचीच गाणी, त्यांचीच वाद्यं. मग बाहेरच्या माणसाला करण्यासारखं उरतं काय? उत्तर द्यायला एक प्रयोग हवा. बँड तोच ठेवायचा, फक्त काचेअलीकडचा माणूस बदलायचा. असा जवळजवळ शुद्ध प्रयोग रॉकच्या इतिहासात झालेला आहे, आणि गंमत म्हणजे तो करणारे दोघेही आपल्या मिडवेस्टचे. एक विस्कॉन्सिनचा, एक शिकागोचा.

बँडचं नाव निर्वाणा. आपलाच शब्द, पण इथे त्याचा उच्चार ‘नर्व्हाना’ असा करतात, आणि तसा केला नाही तर मुलं आपल्याला दुरुस्त करतात! त्यांचा तो पिवळ्या, वाकड्या हसऱ्या चेहऱ्याचा टीशर्ट आपल्या गणपतीतसुद्धा दोन-तीन अंगांवर दिसतो. टीशर्ट घालणाऱ्यांपैकी किती जणांनी रेकॉर्ड ऐकली आहे ते मी विचारत नाही, उगाच सणाच्या दिवशी कशाला.

वॉशिंग्टन राज्यातलं अ‍ॅबर्डीन हे लाकूडतोडीवर जगणारं गाव. तिथे १९८७ साली कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोव्होसेलिच यांनी बँड सुरू केला. कोबेन गाणार आणि गिटार वाजवणार, नोव्होसेलिच बास. ड्रमर बदलत राहिले. पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ साली आला. तो सिअ‍ॅटलमध्ये जॅक एंडिनो यांच्याकडे ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचं बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट. आज एवढ्यात आपल्या मंडळाला हॉलसुद्धा मिळत नाही. रेकॉर्ड चांगली आहे, जड आहे, चिखलातून चालल्यासारखी आहे. तिच्यावरून पुढचं काही ओळखता आलं असतं असं मात्र मला वाटत नाही.

आता आपला पहिला माणूस. बुच व्हिग, विस्कॉन्सिनमधल्या व्हिरोक्वा नावाच्या छोट्या गावचा. मॅडिसनच्या विद्यापीठात शिकला आणि १९८३ साली स्टीव्ह मार्कर या मित्राबरोबर त्यानं मॅडिसनमध्येच ‘स्मार्ट स्टुडिओज’ काढला. ईस्ट वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरची साधी विटांची इमारत. आपल्यापैकी ज्यांची मुलं मॅडिसनला शिकली, ते त्या रस्त्यावरून शंभरदा गेले असतील. एप्रिल १९९० मध्ये निर्वाणा तिथे आला आणि काही गाणी मुद्रित करून गेला. त्या गाण्यांची कॅसेट हातोहात फिरली, मोठ्या कंपन्यांचे कान टवकारले, आणि बँड गेफनच्या डीजीसी या लेबलकडे गेला. सप्टेंबर १९९० मध्ये डेव्ह ग्रोल हा नवा ड्रमर आला. मोठ्या कंपनीच्या मनात मोठी नावं होती, पण बँडनं व्हिगचाच आग्रह धरला. मे १९९१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइजच्या ‘साउंड सिटी’ स्टुडिओत ‘नेव्हरमाइंड’चं काम सुरू झालं. बजेट ६५ हजार डॉलर. ६०६ वरून ६५ हजार!

त्याआधी कोबेननं व्हिगला तालमीची एक कॅसेट पाठवली होती. साध्या टेपरेकॉर्डरवर केलेली, सगळा आवाज फाटलेला. त्या फाटक्या आवाजातून व्हिगला ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची चाल ऐकू आली. प्रोड्युसरचं पहिलं काम हेच असतं, गोंगाटातून गाणं ऐकणं. मग तालमीच्या हॉलमध्ये त्यानं त्या गाण्याची थोडी डागडुजी सुचवली. धृपद जरा लांबलं होतं, ते आखूड केलं. गिटारचा एक तुकडा एका जागी पडून होता, तो उचलून धृपदाशी आणला. एवढंच. सूर बदलला नाही, शब्द बदलला नाही. पण कापडाला इस्त्री केल्यावर शिवण दिसायला लागते तसं झालं.

खरी ओढाताण झाली ती कोबेनच्या गळ्यावरून. हा माणूस असा ओरडून गायचा की तीन-चार वेळा गाऊन झालं की आवाज बसायचा. ‘टीन स्पिरिट’साठी तो फक्त तीनदा गायला. त्यातून हवं ते वेचायचं म्हणजे व्हिगला पहिल्या सेकंदापासून सावध राहावं लागे. शिवाय व्हिगला हवं होतं डबल ट्रॅकिंग. म्हणजे तीच ओळ त्याच माणसानं दोनदा गायची आणि दोन्ही आवाज एकावर एक ठेवायचे. दोन सख्ख्या बहिणी एकत्र आरती म्हणायला लागल्या की आवाज कसा भरतो, तसा. एक माणूस दोनदा गातो तेव्हा केसभर फरक पडतोच, आणि त्या केसभर फरकामुळेच आवाजाला अंग येतं. यंत्रानं नुसती नक्कल करून ते येत नाही. कोबेनला ही लबाडी वाटायची. पंक संगीतात वाढलेला पोरगा तो. एकदा गायलं ते गायलं. व्हिगनं त्याच्याशी वाद घातला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, की जॉन लेनन असंच करायचा. कोबेन बीटल्सचा भक्त. मुकाट्यानं दुसऱ्यांदा गायला उभा राहिला.

मला या गोष्टीत व्हिगचा हजरजबाबीपणा आवडतोच, पण त्याहून जास्त त्याचा अभ्यास आवडतो. कुणाला कोणतं नाव सांगितलं की तो ऐकेल, हे कळायला माणूस वाचावा लागतो. आपल्याकडे साथीदाराला जे कौशल्य लागतं, तेच हे.

‘लिथियम’ या गाण्याच्या दिवशी मात्र सगळं फिसकटलं. गाण्याची लय धावायला लागली, तालाचा ठोका देणारं यंत्र ड्रमरच्या कानात लावून ती आवरावी लागली. बँड वैतागला, आणि वैतागाच्या भरात तिघांनी भलतंच काहीतरी रागारागानं वाजवायला सुरुवात केली. शेवटी कोबेननं गिटार आपटून फोडली. त्या दिवसाचं काम तिथेच आटोपलं. पण तो सगळा धिंगाणा टेपवर उतरला होता, आणि पुढे अल्बमच्या शेवटी, बऱ्याच शांततेनंतर, न सांगता वाजणारं गाणं म्हणून तो ठेवला गेला. टेप कधी थांबवायची नाही, हेही कळावं लागतं.

आता ज्या गाण्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला, ते ‘समथिंग इन द वे’. अल्बममधलं शेवटचं, अगदी हळू, पुटपुटल्यासारखं. मोठ्या खोलीत सगळ्यांनी मिळून वाजवून पाहिलं, जमेना. बास, ड्रम, गिटार, सगळं नीट, पण गाणं मेलेलं. कंटाळून कोबेन काचेअलीकडच्या खोलीत आला, कोचावर आडवा पडला आणि ते खरं कसं हवं आहे ते दाखवायला गिटारवर हलकेच वाजवत गुणगुणायला लागला. आवाज इतका बारीक, की शेजारी बसल्यावरच ऐकू यावा. व्हिग काय म्हणाला असेल? "छान, आता आत जाऊन असंच गा," असं कुणीही म्हणालं असतं. आणि तो आत गेला असता तर उभा राहिला असता, हेडफोन लावले असते, आणि ते गाणं पुन्हा मेलं असतं. व्हिगनं त्याला हलवलंच नाही. त्यानं एसी बंद केला, फोनची वायर काढली, माइक उचलून कोचापाशी आणले आणि तिथेच मुद्रण केलं.

पुढची कटकट बघा. ठोक्याचं यंत्र लावलेलं नाही, त्यामुळे लय श्वासासारखी कमी-जास्त होते आहे. गिटार म्हणजे जुनीपुराणी स्वस्तातली, पाचच तारा लावलेली, कुठल्याही प्रमाण सुरात नसलेली. त्यावर ग्रोलला नंतर ड्रम वाजवायचे होते. ग्रोल म्हणजे ड्रम फोडतो की काय असं वाटायला लावणारा माणूस. त्याला सांगण्यात आलं, आणखी हळू, अजून हळू. नोव्होसेलिचला बास वाजवायचा होता. कर्क कॅनिंग नावाच्या मित्राला चेलो वाजवायचा होता, आणि त्याला आपला चेलो त्या बेसूर गिटारला जुळवून घ्यावा लागला. उलटं असायला हवं ना? पेटीला तंबोरा जुळवल्यासारखा प्रकार. पण कोचावरचा तो सूर पवित्र मानायचा, बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं, हे एकदा ठरल्यावर दुसरा मार्ग नव्हता. आज आपण ऐकतो तो त्या कोचावरचा श्वास आहे. कोबेन १९९४ च्या एप्रिलमध्ये गेला, २७ वर्षांचा. त्याचा तो आवाज इतक्या जवळून आपल्याकडे राहिला, कारण एका माणसानं वेळेवर एसी बंद केला.

इथवर वाचून व्हिग म्हणजे साधेपणाचा पुजारी वाटेल. तसं नाही. बाकीच्या गाण्यांत गिटारचे थर आहेत, गळ्याचे थर आहेत. आणि शेवटचा हात फिरवला तिसऱ्याच माणसानं. मुद्रण झाल्यावर सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवून अंतिम आवाज ठरवायचा असतो, त्याला मिक्सिंग म्हणतात. (आपल्या कार्यक्रमात "पेटी वाढव, तबला कमी कर" असं मागून ओरडणारे काका असतात ना, तेच काम, पण शांतपणे आणि पगारी.) व्हिग आणि बँडनं केलेलं मिक्सिंग कुणालाच पसंत पडेना. कंपनीनं नावांची यादी दिली. कोबेननं तिच्यातल्या अँडी वॉलेसच्या नावावर बोट ठेवलं, कारण त्यानं स्लेयर या दणदणीत मेटल बँडचं काम केलं होतं. वॉलेसनं ड्रमना खोली दिली, गळा पुढे आणला, सगळ्याला चकाकी आली. २४ सप्टेंबर १९९१ ला अल्बम आला. अमेरिकेत सुरुवातीला दुकानांत पाठवल्या होत्या सुमारे ४६ हजार प्रती. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं. पुढे जगभर कोट्यवधी प्रती खपल्या.

आणि कोबेनला त्याची लाज वाटायला लागली. हा आवाज पंकचा नाही, केस फुगवून नाचणाऱ्या हेअर मेटल बँडांच्या जवळचा आहे, अशा अर्थाचं तो उघड बोलला. यात थोडा यशाचा संकोच असावा, असं माझं मत. गावातल्या अड्ड्यावर वाजवणाऱ्या पोराला अचानक ज्यांच्यापासून तो पळाला तीच पोरं टाळ्या वाजवताना दिसली, तर तो रेकॉर्डच्या चकाकीवर राग काढणारच. पण राग खरा होता, आणि त्यातून पुढचा निर्णय झाला.

आता दुसरा माणूस. स्टीव्ह अल्बिनी. एव्हन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये पत्रकारिता शिकला, ‘बिग ब्लॅक’ नावाच्या कर्कश बँडमध्ये गिटार वाजवली, मग शिकागोत ध्वनिमुद्रक झाला. पिक्सीज या बँडची १९८८ ची ‘सर्फर रोझा’ त्यानं केली होती, आणि कोबेनची ती लाडकी. बोलायला अत्यंत तिखट, व्यवहाराला अत्यंत सरळ. पुढे पोकरच्या जागतिक स्पर्धेत दोनदा जिंकला, हे सांगायचा मोह आवरत नाही. त्याला ‘प्रोड्युसर’ म्हटलेलं चालत नसे. रेकॉर्डवर त्याचं नाव ‘रेकॉर्डेड बाय’ असंच छापलेलं दिसतं. त्याचं म्हणणं, बँडला जे वाजवायचं ते बँड वाजवेल, मी ते नीट पकडून देतो. आठवड्याहून जास्त दिवस लागत असतील तर कुणीतरी घोळ घालतंय, असं समजावं.

काम घेण्याआधी त्यानं बँडला एक लांबलचक पत्र पाठवलं. ते आता सर्वांना वाचायला उपलब्ध आहे, आणि आपल्यासारख्या करारांत आणि कन्सल्टिंगच्या बिलांत रमणाऱ्या मंडळींनी तर वाचावंच. प्रोड्युसरला सहसा ठरावीक रकमेशिवाय विक्रीवर काही टक्के मिळतात. अल्बिनीनं हिशोब मांडला: तीस लाख प्रती खपल्या तर त्या टक्क्याचे मला चार लाख डॉलरच्या आसपास होतील. आणि लिहिलं, हे मी घेणार नाही. रेकॉर्ड बँडची, टक्का बँडचा. मला प्लंबरसारखे पैसे द्या. काम केलं, मजुरी घेतली, संपलं. त्यानं एक लाख डॉलर एकरकमी घेतले आणि त्यावर एक पैसा नाही. ज्या धंद्यात कंपन्या गायकांना आयुष्यभर टक्क्यांत गुंतवून ठेवतात, तिथे हा माणूस दिवाळखोर वाटेल. मला तो साऱ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा माणूस वाटतो. विक्रीत वाटा असला, की खपेल असं काहीतरी कर म्हणून हात आपोआप वळतो. वाटाच नसेल तर कान मोकळा राहतो.

फेब्रुवारी १९९३. जागा मिनेसोटातलं कॅनन फॉल्स, ‘पॅकिडर्म’ स्टुडिओ. मिनियापोलिसहून हायवे ५२ नं रोचेस्टरला मेयो क्लिनिककडे जाताना हे गाव लागतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आईवडिलांना घेऊन जाण्याचा तो रस्ता आहे. बाहेर बर्फ, आजूबाजूला झाडी, करमणूक शून्य. बुकिंग खोट्या नावानं, म्हणजे पत्रकार आणि कंपनीची माणसं दूर राहतील. पंधरवड्यात अल्बम तयार झाला. तिघांनी बहुतेक गाणी एकत्र वाजवली, समोरासमोर. कोबेननं बहुतेक गायन सुमारे सहा तासांत उरकलं. स्टुडिओचं बिल २४ हजार डॉलरच्या आसपास.

म्हणजे अल्बिनीनं काहीच केलं नाही? इथेच मजा आहे. ग्रोलच्या ड्रमभोवती त्यानं सुमारे तीस माइक लावले. जवळचे, लांबचे, जमिनीलगतचे, वरचे. एखाद-दोन वेगवान गाण्यांसाठी ड्रमच उचलून स्वयंपाकघरात नेले, कारण तिथे आवाज चांगला घुमत होता. बैठकीतल्या गाण्याचं चांगलं ध्वनिमुद्रण ऐकताना जसं वाटतं, की तबला डावीकडे आहे, मागे भिंत आहे, कुणीतरी आत्ताच ‘वाहवा’ म्हणेल, तसं त्याला हवं होतं. खोलीसकट आवाज. नैसर्गिक वाटणं ही फुकट मिळणारी गोष्ट नाही, त्यालाही तीस माइक लागतात. जो माणूस आयुष्यभर सांगत राहिला की मी आवाजाला हात लावत नाही, त्याचे ड्रम चार ठोक्यांत ओळखू येतात. मी त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. पण माइक कुठे टांगायचा हे ठरवलं, की ऐकणाऱ्याला कुठे उभं करायचं हेही ठरलं. व्हिगनं ऐकणाऱ्याला स्टेजसमोर पहिल्या रांगेत उभं केलं, दिव्यांच्या झगमगाटात. अल्बिनीनं त्याला तालमीच्या खोलीत ड्रमपासून दहा फुटांवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

‘इन युटेरो’ची टेप कंपनीला ऐकवली तेव्हा तिथे सुतक पसरलं. अल्बिनी शिकागोच्या वर्तमानपत्राला बोलून बसला, की कंपनी हे काढेलसं वाटत नाही. मोठ्या मासिकांनी बातमी उचलली, बँडनं बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात देऊन सांगितलं की आमच्यावर कुणाचा दबाव नाही. पण खरं सांगायचं तर बँडलाही थोडी धाकधूक होती. घरी नेऊन ऐकल्यावर गळा जरा मागे गेल्यासारखा, बास बुडाल्यासारखा वाटत होता. अल्बिनी पुन्हा हात लावायला तयार नव्हता. त्याच्या मते गाणी जशी होती तशी उतरली होती. मग बॉब लुडविग यांनी मास्टरिंगमध्ये, म्हणजे तबकडी छापण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, गळा आणि बास वर आणला. आणि ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी आर.ई.एम.च्या स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली. सप्टेंबर १९९३ मध्ये अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. कंपनीनं मग आनंदानं श्रेय घेतलं असेल, आपल्याला काय!

‘अल्बिनी खरा, व्हिग विकाऊ’ असं म्हणणारे लोक भेटतात, विशेषतः माझ्या वयाचे, ज्यांच्याकडे अजून व्हायनिल आहे. मला ते पटत नाही. व्हिगनं ‘टीन स्पिरिट’ला इस्त्री केली नसती तर ते गाणं सिअ‍ॅटलबाहेर पोहोचलं नसतं, आणि ‘इन युटेरो’ करायला एक लाख डॉलर कुणी दिलेच नसते. दुसरीकडे, ग्रोल कसा वाजवतो हे ऐकायचं असेल तर मी ‘नेव्हरमाइंड’ लावतच नाही. ‘सेंटलेस अ‍ॅप्रेंटिस’चे पहिले वीस सेकंद लावतो आणि आवाज वाढवतो, शेजाऱ्यांची माफी मागून.

आपल्या बासवाल्या मुलीसाठी आता थोडा गृहपाठ. गाडीत नको, चांगले हेडफोन लावून. आधी ‘नेव्हरमाइंड’मधलं ‘पॉली’ ऐक. हे गाणं मॅडिसनच्या १९९० च्या मुद्रणातलंच जसंच्या तसं ठेवलं आहे. त्यातल्या झांजा ग्रोलच्या नाहीत, आधीच्या ड्रमरच्या, चॅड चॅनिंगच्या आहेत. मग ‘लिथियम’मध्ये हळू भागातून ओरडण्याकडे जाताना गळा एकाचा दोन कुठे होतो ते पकड. एकदा सापडलं की प्रत्येक गाण्यात सापडेल, आणि थोडा विरसही होईल, त्याला इलाज नाही. त्यानंतर ‘समथिंग इन द वे’. ड्रम किती नंतर येतात आणि किती घाबरत येतात ते बघ.

मग ‘इन युटेरो’ची २०१३ ची, विसाव्या वर्षाची आवृत्ती शोध. तिच्यात त्या दोन वादग्रस्त गाण्यांची अल्बिनीनं केलेली मूळ रूपं आहेत, स्कॉट लिटची रूपंही आहेत, आणि त्याच वर्षी अल्बिनीनं वाचलेल्या दोघांबरोबर बसून पुन्हा केलेलं अख्खं मिक्सही आहे. ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ तिन्ही रूपांत एकापाठोपाठ ऐक आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचार, कोबेन माझ्यापासून किती फुटांवर उभा आहे? लिटच्या रूपात मागे एक सूर मिसळलेला ऐकू येईल, तो कोबेनचाच, नंतर घातलेला. मला व्यक्तिशः ‘ऑल अपॉलॉजीज’ लिटचं आवडतं आणि ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ अल्बिनीचं. तुझं वेगळं असेल तर मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात भांडू.

आणि तुमचा बँड मुद्रण करणार असेल तेव्हा: स्मार्ट स्टुडिओज २०१० साली बंद झाला, व्हिग मात्र अजून काम करतो आणि ‘गार्बेज’ या बँडमध्ये ड्रम वाजवतो. अल्बिनी मे २०२४ मध्ये हृदयविकारानं गेला, ६१ वर्षांचा. १९९७ पासून त्यानं चालवलेला ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ स्टुडिओ शिकागोत बेलमाँट अ‍ॅव्हेन्यूवर आहे. नावारूपाला आलेले बँड असोत की कुणाला ठाऊक नसलेली पोरं, तिथे तो सगळ्यांचं काम घ्यायचा. त्याच्या पत्रातलं ते प्लंबरचं वाक्य मात्र आधी बाबांना वाचून दाखव. पैसे कोण घालतो आणि कोण घेत नाही, यावर त्यांना बरंच बोलायचं असेल.